शंकर मास्तरचं नाण्यांचं कपाट

शंकर,

परवा तुझी तेरवी झाली. गावातले लोक जेवले, तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तुझ्या अक्षराबद्दल बोलले, पोरांवर कधी हात उगारला नाहीस त्याबद्दल बोलले. नाण्यांचं नाव मात्र कोणी काढलं नाही. एकदोघांच्या ओठांवर आलं असावं, पण माझ्याकडे पाहून त्यांनी ते गिळलं. आपलं भांडण कामरगावात कोणाला माहीत नाही?

मी चौथी शिकलेला सोनार. तुझ्यासारखं लिहिणं मला जमायचं नाही. पण आज सकाळी दुकान उघडलं, शेगडीत कोळसे टाकले आणि पेटवायचं मन होईना. पायरीवर तुझी जागा रिकामी. म्हणून कागद घेतला. तू असताना बोललो नाही ते आता लिहून काय होणार, हे मलाही कळतं.

आपण एकाच शाळेत शिकलो. तू त्याच शाळेत मास्तर झालास आणि मी बापाच्या गादीवर बसलो. शाळा सुटली की तू सरळ माझ्याकडे यायचास, धोतराला हात पुसत पायरीवर बसायचास आणि लोकांनी मोडीत आणलेल्या चांदीच्या गाठोड्यात नजर घालायचास. एखादं नाणं दिसलं की माझा हात धरायचास. "थांब किसन, हे पाहू दे." मग ते नाणं उजेडात धरून उलटसुलट करायचं. हा नागपूरच्या भोसल्यांचा रुपया, हा एलिचपूरच्या टांकसाळीतला, हा निजामाचा. फारशी अक्षर असलं तर उर्दू शाळेच्या मौलवींकडे धावायचं. तांब्याची शिवराई असली तर मी तशीच देऊन टाकायचो. चांदीचं असलं तर तू घरी जाऊन तेवढ्याच वजनाचं काहीतरी घेऊन यायचास. गोदावहिनींचे लहानपणीचे वाळे असेच गेले, कोटाची चांदीची बटणं अशीच गेली. वहिनी माझ्यावर चिडायच्या. तुझ्यावर चिडून उपयोग नाही हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

आणि ती नाणी ठेवायचास कुठं, तर जिथं जागा दिसेल तिथं. तंबाखूच्या डबीत, देवळीत, उशीखाली, तुरीच्या डाळीच्या डब्यात. एकदा मी तुमच्याकडे जेवायला होतो. तुझ्या वाटीतल्या वरणातून शिवराई निघाली. वहिनींनी ती पळीवर घेऊन तुझ्यासमोर धरली. "माह्या वरनात कोन्त्या राजाचं राज्य हाये, तेवढं सांगा." तू ती धोतराला पुसलीस आणि खरंच सांगू लागलास. मी ठसका लागेपर्यंत हसलो. त्या दिवसांत आपल्यात काही वाकडं नव्हतं.

मग तुळसाबाई आली.

पलीकडच्या वस्तीवरची विधवा बाई. गोठ्याची मेढ रोवायला खड्डा खणताना तिला तांब्या सापडला होता. पदराखाली धरून ती सकाळीच माझ्या दुकानात आली. पोरीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि तिच्या पायात घालायला चांदीच्या तोरड्या नव्हत्या. तिनं तांब्या पालथा केला. चिंचोक्यांसारखी काळी पडलेली, लहान, जाड चांदीची नाणी होती. तेवढ्यात तू शाळेत जाता जाता थांबलास. एक उचललंस, अंगठ्यानं घासलंस, दुसरं उचललंस. तुझा आवाज बदलला.

"किसन, हे फारशी नाई. हे अक्षर मी कुठंच पाह्यलं नाई."

तुळसाबाई घाबरली. "मास्तर, सरकारात सांगसान का?"

"कोनालेच सांगत नाई, बाई. मले फक्त पाह्यचं हाये. कागदावर उतरवून घेतो, मग तुमी काय कराचं ते करा." मग माझ्याकडे वळलास. "शाळेची घंटा झाली. सांजेले येतो. तवापर्यंत हात लावू नको."

मी "बरं" म्हणालो. हे एवढंच म्हणालो होतो, पण म्हणालो होतो.

तू गेल्यावर जे झालं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस आणि मीही तोंड उघडलं नाही. दुपारी पाटलाचा माणूस रस्त्यानं जात होता. तो दुकानासमोर थांबला, तुळसाबाईकडे पाहिलं, कुठली म्हणून विचारलं आणि उगाचच उभा राहिला. तिनं पदर तांब्यावर ओढला. तिचे हात कापत होते. तो गेला तशी ती माझ्या पायाशी आली. "सोनारदादा, आत्ताच आटवा. हे कोनं पाह्यलं तर समदं घेऊन जातीन. माही पोरगी तशीच राहीन." मी रस्त्याकडे पाहिलं. शाळा सुटायला अजून वेळ होता. मी मूस शेगडीत ठेवली आणि भाता ओढायला लागलो.

तू आलास तेव्हा ऊन कलतं होतं. बाहीवर खडूची भुकटी होती. हातात कोरे कागद होते आणि पेन्सिलीला नवं टोक काढून आणलं होतंस. ऐरणीवर चांदीची कांब थंड होत पडली होती. तू तिच्याकडे पाहत राहिलास.

"किती होती?"

"मोजली नाई," मी म्हणालो.

शंकर, तू मला शिवी दिली असतीस तर मी ती घेतली असती. तू कागद नीट घडी करून खिशात ठेवलेस आणि गेलास. त्यानंतर दीड वर्ष तू माझ्या दुकानावरून गेला नाहीस. शाळेत जायला मागच्या गल्लीनं जायचास, चिखल असला तरी. दसऱ्याला सोनं द्यायला आला नाहीस. मीही आलो नाही. मला राग होता. वाटायचं, मास्तरला पोरीच्या लग्नापेक्षा काळी नाणी मोठी. आणि कधी कधी एकटा असताना तेच "बरं" माझ्या कानात यायचं, मग मी जोरात ठोकायला लागायचो.

आमच्या दुकानातली राख आणि धूळ वर्ष-दोन वर्षं साठली की झारेकरी लोक घेऊन जातात, हे तुला माहीत होतं. ती पाण्यात धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण काढतात. दुसऱ्या साली दिवाळीआधी एक झारेकरीण माझ्याच अंगणात बसून राख धूत होती. तिनं काहीतरी बाजूला काढून मला दिलं. तुळसाबाईच्या तांब्यातलं एक नाणं राखेत पडून राहिलं होतं. अर्धं आटून गेलं होतं, अर्ध्यावर अक्षर शाबूत होतं.

मी ते घेऊन तुझ्या घरी आलो. तू ओसरीवर पोरांच्या पाट्या तपासत होतास. मी नाणं पाटीवर ठेवलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. नाणं उचलून उजेडाकडे वळलास आणि तसाच बसून राहिलास. मी उभाच होतो.

"अर्धं राह्यलं," तू म्हणालास. मग म्हणालास, "बाकीच्या अर्ध्याचं मी काय करू?"

वहिनी पाणी घेऊन आल्या. "आता आले तर बसा, भाऊजी. दीड वर्स झालं, हा मानूस घरात कोनाशी धड बोलून नाई राह्यला." मी बसलो. तू एक पाटी तपासलीस, दुसरी तपासलीस. मग म्हणालास, "मले एक कपाट कराचं हाये. नान्यायसाठी. पन मले करवत धरता येत नाई."

"मलेबी नाई येत."

"तुले जाळीकामाची बारीक करवत तर येते."

असं सुरू झालं. माफी कोणीच मागितली नाही.

सुताराला द्यायला तू तयार नव्हतास. म्हणायचास, तो चांगलं करील, पण घाईत करील. वहिनींच्या माहेरी गोठा पडला होता, त्याचं सागवानी दार तू बैलगाडीतून आणलंस. सगळा हिवाळा, दर रविवारी, तुझ्या परसातल्या लिंबाखाली आपण दोघं त्या दाराच्या मागे लागलो. करवत, रंधा आणि पटाशी सुताराकडून मागून आणली. दोन खेपेला तो स्वतः पाहायला आला आणि मान हलवत परत गेला. पहिला खण केला तो कपाटात जाईचना. तू मापं लिहून ठेवली होतीस, पण फळीची जाडी धरायला विसरला होतास. मी म्हणालो, "मास्तर, पोरांले गनित तुमीच शिकवता ना?" तू हसलास. दीड वर्षानं पहिल्यांदा हसलास. तेवढ्यात पटाशी घसरली आणि तुझा अंगठा फाटला. वहिनींनी हळद भरली आणि आपल्या दोघांनाही बोलल्या.

खणांची युक्ती तुझी होती. दोन फळ्या, खालची जाड, वरची पातळ. वरच्या फळीवर नाणं ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि तेवढंच भोक कापायचं. खाली वहिनींच्या जुन्या लुगड्याचं हिरवं कापड. शिवराया काही गोल नसतात. कोणी एका बाजूला चपटी, कोणी दबलेली, कोणाला कानासारखं टोक निघालेलं. त्यामुळे एकीचं भोक दुसरीला येईना. तू म्हणायचास, "ज्याचं घर त्याले." मी खाली मान घालून करवत फिरवायचो. सोन्याची जाळी कापताना हात जसा धरायचो तसाच धरायचो. त्या अर्ध्या आटलेल्या नाण्याचं भोक मी तीन वेळा कापलं. दोनदा लाकूड चिरलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा तू बोटानं त्याच्या कडेवरून हात फिरवलास आणि दुसरी फळी माझ्यापुढे सरकवलीस.

आणि करवत चालू असताना वाद. तो कधी संपला नाही.

"एक सांज, किसन. मी एक सांज मांगतली होती."

"अन् त्या बाईनं काय मांगतलं होतं?"

"मी लगन थांबवा म्हनलो होतो का?"

"पाटलाचा मानूस समोर उभा होता, शंकर. तू शाळेत होता. तिचे हात मी पाह्यले, तू नाई पाह्यले."

मग तू करवत थांबवायचास. "तोरड्या झिजतात. मोडतात. उद्या कोनी आनखी आटवीन. ते अक्षर पुन्हा कोन लिहीन?"

"अन् पोरगी?"

इथं आलं की मी करवत उचलायचो आणि तू रंधा. पुढल्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. कधी मी तुळसाबाईच्या बाजूनं बोलायचो, कधी तू तिच्या बाजूनं बोलायचास आणि मग आपल्याच बोलण्यावर चिडायचास. वहिनी परसात धान्य पाखडत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्या दोघायच्या मंधी त्या बाईले कोनं इचारलं का?"

गुढीपाडव्याला कपाट उभं राहिलं. सरळ नाही राहिलं. एका पायाखाली चकती घालावी लागली आणि दुसरा खण ओढायला दोन्ही हात लागायचे. पण तू ते पुसून माजघरात ठेवलंस, सगळी नाणी त्यांच्या त्यांच्या भोकात ठेवलीस, आणि वहिनींनी डाळीचा डबा घासून उन्हात ठेवला. तुझी सुमन तेव्हा लहान होती. ती खण ओढायची, बोट लावायची आणि तू "हे कोन?" विचारलं की कोण ते सांगायची. चुकलं तरी तू रागवायचा नाहीस.

त्यानंतर काही वर्षांनी तू कारंज्याच्या बाजारातून परत आलास आणि घरी न जाता आधी माझ्याकडे आलास. पायरीवर बसलास. "तुळसाबाईची पोरगी दिसली. कडेवर लेकरू होतं." मी हातातलं काम ठेवलं. "पायात तोरड्या होत्या," तू म्हणालास. "घडाई चांगली केली तू."

शंकर, त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणणार होतो, मला थांबता आलं असतं. बाईला घरात बसवून मागचं दार लावता आलं असतं. पाटलाचा माणूस गेल्यावर तो काही परत आला नव्हता. मी घाबरलो होतो, तिच्याइतकाच, आणि घाबरलो हे तुझ्यासमोर कबूल करायला नको म्हणून इतकी वर्षं तिच्या पोरीला पुढं करत होतो. तिची बाजू खरी होती, ते मी आजही म्हणतो. पण ती बाजू घेऊन मी तिच्यामागं लपलो होतो. हे म्हणणार, तेवढ्यात कोणी नथ दुरुस्त करायला घेऊन आलं. मी नथ घेतली. तू उठून घरी गेलास.

पुढं लढाईचे दिवस आले. बाजारात चिल्लर दिसेनाशी झाली, लोकांनी चांदी पुरून ठेवली. तुझा खोकला वाढला. तू काठी घेऊन यायचास आणि पायरी चढताना दोनदा थांबायचास. मी म्हणायचो, अकोल्याला दवाखान्यात दाखव. तू म्हणायचास, परीक्षा झाल्यावर. परीक्षा झाल्या आणि तू अंथरूण धरलंस. मी शेवटचा आलो तेव्हा तू मला तिसरा खण आणायला सांगितलास आणि एका शिवराईवर बोट ठेवलंस. "हे हालते. भोक मोठं झालं." मी म्हणालो, बरा हो, मग दुसरं कापू. तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोप लागली. मी खण जागेवर ठेवला आणि पाऊल न वाजवता निघून आलो. तू जागा होतास का, हे मला आता कळणार नाही.

इथवर लिहिलं आणि दुपारी वहिनींनी बोलावलं म्हणून तुझ्या घरी जाऊन आलो. वहिनी कपाटाजवळ बसल्या होत्या. त्यांच्या कपाळाकडे पाहायची मला अजून सवय झालेली नाही. सुमनचं लग्न याच वर्षात करायचं म्हणून तुझे भाऊ मागे लागलेत, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला. त्या खणाला तू मला भोकं कापू दिली नव्हतीस. लाकूड पातळ आहे, असं म्हणाला होतास. मला खरंच वाटलं होतं. त्यात एक गाठोडं होतं. साधे इंग्रज राजाच्या तोंडाचे रुपये, एक मोडका करंडा, दोनचार घुंगरं. दर काही महिन्यांनी थोडं थोडं करून तू टाकत गेला होतास. वहिनींनाही तू दुखण्यात पडल्यावरच सांगितलंस.

"ते म्हने, हे किसनपाशी दे," वहिनी म्हणाल्या. "त्याले म्हन, आटव अन् सुमनच्या तोरड्या कर. तुळसाबाईच्या पोरीच्या केल्या तशाच."

वहिनी गाठोड्याची गाठ पुन्हा बांधत होत्या. बांधता बांधता त्यांना हसू आलं आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"आनखी काय म्हने सांगू का, भाऊजी? म्हने, वरच्या खनायपाशी त्याले एकट्याले बसू देऊ नोको."

मी हसलो. दोघंही हसलो. मग मी विचारलं, "थट्टेनं म्हनला का, वहिनी?"

त्यांचं हसू गेलं. "तापात होते. मले काय समजे?"

शंकर, तू थट्टाच केली असशील. तू तशी थट्टा करायचास. आणि खरंच म्हणाला असशील तरी तुझं चुकलं नाही. मी एकदा "बरं" म्हणून मोडलंय. इतकी वर्षं आपण एका पायरीवर बसलो, एक कपाट केलं, आणि तुझ्या मनात माझ्याबद्दल नेमकं काय होतं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आता विचारायला तू नाहीस.

"बसा, चहा टाकते," म्हणून वहिनी आत गेल्या. सुमन विहिरीवर गेली होती. माजघरात मी एकटाच होतो आणि समोर कपाट होतं. वरचा खण थोडा पुढे आलेला होता. एक बोट लावलं असतं तर आत गेला असता.

मी गाठोडं उचललं आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो.

— किसन